आकुंचनाची पट्टी

वागळे इस्टेट, रोड नंबर सोळा.
समोर काचेची इमारत आहे तिथे आमची फाउंड्री होती.
मागच्या गल्लीत माझा अर्धा गाळा,
उरलेल्या अर्ध्यात एकजण झेरॉक्सची मशीनं दुरुस्त करतो.
लेथ लहान. आवाज मात्र जुनाच.

शिवराम मेस्त्री परवा बँकेतून तसाच परत आला.
हयातीचा दाखला, त्यावर सही,
आणि खिडकीतली मुलगी म्हणाली, काका, जुळत नाही.
हात थरथरतो, ते एक.
पण अक्षरही बारीक होत चाललंय त्याचं,
ओळीच्या शेवटी पोचेपर्यंत मुंगीएवढं.
डॉक्टर म्हणतात, या आजारात असंच होतं.
तो म्हणतो, आकसतंय.

आकसणं आम्हाला नवं नाही.
पॅटर्न मेकर आम्ही. जे लोखंडाचं व्हायचं
ते आधी लाकडात करून देणारे.
बीड ओतलं की निवताना आकसतं, फुटाला एक सूत,
म्हणून आमची पट्टीच वेगळी:
तिच्यावरचा फूट जगाच्या फुटाहून सूतभर लांब.
चाळीस वर्षं तिनेच मोजलं,
घरी पोरांची उंचीसुद्धा.
बायको म्हणायची, शाळेत तर जास्त भरते.

माळ्यावर एक पॅटर्न पडून होता.
पंपाचा पंखा, सागाचा, शेवटच्या ऑर्डरीचा.
वाळूत दाबला जायच्या आधीच गेटला कुलूप लागलं.
पात्यांवर शिवरामची पटाशी, माझं पॉलिश.
त्यातलंच एक पातं कापलं,
भोक पाडलं, पितळी नळी बसवली,
आसावर चढवलं.

साग कातताना वास येतो ना,
तेलकट, थोडा कातड्याचा,
तो अजून होता. इतक्या वर्षांनी.
कुरळ्या साली निघत गेल्या
मांडीवर, चपलेत, चहाच्या ग्लासात.
पेन जाड ठेवलं, नेहमीच्या दीडपट.
बोटं मिटायच्या आत काहीतरी भेटायला हवं त्यांना.

नक्षीची हौस नव्हती.
पण अंगठा बसतो तिथे खूण हवी,
न बघता सापडेल अशी.
चेंदणीच्या बाजारात मंजुळा नाखवा
शिनाण्यांच्या रिकाम्या शिंपा देते, पिशवीभर, फुकट.
"आपल्या खाडीच्या नाय हां," आधीच सांगून टाकते.
खलबत्त्यात कुटल्या, खाचेत भरल्या,
वर गोंदाचे थेंब. रात्रभर ठेवलं.

सकाळी पटाशी अडकली.
टक्. अर्धी नक्षी उडाली.
टॉर्च घेऊन भुशात शोधली, झेरॉक्सवालाही वाकला,
तुकडा काही दिसेना;
भुसा मात्र सगळाच चमकत होता.

मग आठवली काचेची बरणी:
फाउंड्रीच्या शेवटच्या दिवशी
फरशीवरून गोळा केलेली बिडाची पूड.
का आणली होती, देव जाणे.
उरलेल्या खाचेत ती भरली. काळी, जड.
चारशेचा कागद, सहाशेचा, कोरडाच,
पाणी लावलं तर गंज धरेल.
मग लाख, चिंधीने, फिरता फिरता.
अर्धं कडं समुद्राचं, अर्धं भट्टीचं.
या लाकडाला बीड भेटायचं राहिलं होतं,
भेटलं.

किसननगर, तिसरा मजला.
शिवरामने पेन आधी नखाने वाजवून बघितलं,
मग डोळ्यासमोर आडवं धरलं, रेषेत आहे का.
वर्तमानपत्राच्या कडेला सही केली:
शि मोठा, व बरा, म येईस्तोवर
पुन्हा मुंगी.
मी काही बोललो नाही.

त्याने अंगठ्याने कडं चाचपलं,
शिंप कुठे संपते, बीड कुठे लागतं,
दोनदा, तीनदा.
"एक सूत जास्त ठेवलंस," म्हणाला.
कमी करून आणू?

"ऱ्हवांदे.
थंड झाल्यार बसात."